स्वर्गीय नर्तक हा पक्षी विदर्भात कुठे दिसतो? त्याच्या घरट्याचा चांगला फोटो कसा काढावा?

दिसतो भाऊ, नागझिरा, नवेगाव, ताडोबा, कुठेही दिसतो. दाट सावलीचा नाला धरायचा आणि गुमान बसायचं. घरट्याच्या फोटोचं विचारलंत म्हणून मात्र लिहायला बसलो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, खालच्या अंगाला बोडी, म्हणजे लहान तळं आहे. तिच्या काठच्या करंजावर एका मे महिन्यात जोडीनं घरटं केलं, हात वर केला तर लागेल एवढ्या उंचीवर. गवत, बारीक मुळ्या आणि वरून कोळ्याचं जाळं लिंपलेलं. वाटी एवढीशी, त्यामुळे नर बसला की शेपटीच्या दोन पांढऱ्या फिती बाहेर लोंबायच्या. हो, नरही अंडी उबवतो.

त्याच सुमारास आमच्या नात्यातले एक जावई शहरातून आले, गळ्यात हातभर लेन्स. बघताच म्हणाले, "समोरच्या दोन फांद्या छाटा, उजेड येत नाही." मी म्हटलं, "बापू, त्या पानांच्याच भरवशावर अंडी आहेत. पारा ४५ वर, त्यात कावळे टपलेले." तर म्हणे, "पाखरू येतेच परत, मला शिकवू नका." मी कोयता लपवून टाकला. जावई न जेवता गेले. आईनं मलाच बोल लावले, ते अजून ऐकतो आहे.

तेव्हा घरट्याचा फोटो काढूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंड्यांना, घरट्याला त्रास देणं येतं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसा. फांदीवरून पाण्यात सूर मारून हा आंघोळ करतो, फोटो तिथेच मिळतो. जूनअखेरपर्यंत जमवा, पुढे पावसाळ्यात जंगलाच्या गाभ्यातली सफारी बंद असते.

एक राहिलं. पांढरा तेवढाच नर, असं धरून चालू नका. कोवळा नर तांबूस असतो, पांढरा व्हायला काही वर्षं जातात. मादीही तांबूसच, पण तिला फिती नसतात आणि गळा राखाडी असतो. जावयांनी जाता जाता नाल्यावर एक फोटो काढला, तो नात्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून 'मादी' म्हणूनच आहे. बापू, गळा काळा कुळकुळीत आहे, शेपूट वीतभर लोंबतंय. नर आहे तो. नाव बदला.