‘आपसांत मिटवलेला’ अपघात

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आम्ही उभयता मोटारीने पुण्याला निघालो होतो. कराडच्या पुढे सेवारस्त्यावरून महामार्गावर आलेल्या एका मोटारसायकलला आमच्या गाडीची धडक बसली आणि ती चालवणाऱ्या तरुणाच्या पायाचे हाड मोडले. गाडी माझे पती चालवत होते. आम्ही लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावली. दरम्यान बरीच माणसे जमली होती. त्या तरुणाच्या मामांनी ‘पोलीस-कोर्ट नको, आपसांत मिटवू’ असे सुचवले आणि घाबरलेल्या आम्हालाही ते बरे वाटले. आम्ही २५ हजार रुपये दिले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असे साध्या कागदावर लिहून घेतले. विमा कंपनीला कळवले नाही, गाडी पदरमोड करून दुरुस्त केली. आता त्या मुलाच्या पायावर दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे. घरचे लोक आणखी दीड लाख मागतात, नाहीतर पोलिसांत जाऊ म्हणतात. आमच्याजवळचा कागद उपयोगी पडेल का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : त्या कागदाच्या भरवशावर राहू नका. पाय मोडून वेदनेने कळवळणाऱ्या माणसाकडून किंवा त्याच्या वतीने नातेवाइकाकडून घाईने लिहून घेतलेल्या अशा मजकुरामुळे त्याचा नुकसानभरपाईचा हक्क संपत नाही, आणि दोघांनी कागद केला म्हणून फौजदारी प्रकरणही आपोआप मिटत नाही. फार तर आपण २५ हजार रुपये दिले होते, याचा पुरावा म्हणून तो कागद जपून ठेवा.

आपण रुग्णवाहिका बोलावलीत, तिथून पळून गेला नाहीत, हे महत्त्वाचे आहे आणि आपल्या बाजूने बोलणारे आहे. चूक झाली ती त्यानंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातात कोणी जखमी झाल्यास चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे, घडलेली हकिकत शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात सांगितली पाहिजे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवले पाहिजे. चूक कोणाची होती, यावर हे कर्तव्य अवलंबून नाही. मोटारसायकल अचानक आडवी आली असेल, तरीही ते आपल्यावर होतेच. जमावाची भीती कायद्यालाही ठाऊक आहे. जमाव प्रक्षुब्ध झाल्यामुळे जखमीला मदत करणे शक्य झाले नाही, तर ते कारण पोलिसांना सांगावे, अशी सोय त्याच कलमात आहे. म्हणजे जिवाला धोका वाटल्यास चालकाने तिथून निघून थेट पोलीस ठाणे गाठणे याला पळून जाणे म्हणता येत नाही. गप्प राहण्याचे मात्र समर्थन करता येत नाही.

या गप्प राहण्याने त्या मुलाचेही नुकसान झाले, हे मला आपल्याला आणि त्याच्या मामांनाही कळकळीने सांगावेसे वाटते. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेतील रुग्णालयांत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. पण तो जखमी अपघातातलाच आहे, ही पुष्टी पोलिसांकडून व्हावी लागते. शिवाय आपल्या गाडीच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यात, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीसाठीच्या विम्यात, जखमीच्या शारीरिक हानीच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते. उपचाराचा खर्च, बुडालेला रोजगार आणि पायात कायमचे अधूपण राहिल्यास त्याची भरपाई हे सारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते आणि ती रक्कम विमा कंपनी देते. आपण दरवर्षी हप्ता भरता तो यासाठीच. २५ हजारांत मिटवल्याने आपल्या पदरचे पैसे गेले आणि त्या मुलाला त्याच्या हक्काचे मिळाले नाही.

आता आपल्या पतींनी अपघात ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाला, तिथे शक्यतो वकिलांना बरोबर घेऊन जावे आणि सगळी हकिकत लेखी द्यावी. उशीर का झाला, किती पैसे दिले, गाडी केव्हा आणि कुठे दुरुस्त केली, यांतले काहीही लपवू नये. रस्ता अपघातातील जखमी दाखल झाला की रुग्णालयात बहुधा ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित प्रकरण) अशी नोंद होऊन पोलिसांना कळवले जाते आणि १०८ वर आलेल्या फोनचीही नोंद असते, त्यामुळे हकिकत दडून राहील असे मानणे व्यर्थ आहे. उशिराबद्दल कारवाई होऊ शकते, हे मी नाकारत नाही. पण आपण होऊन सांगणे आणि समोरच्याच्या तक्रारीनंतर पोलीस दारात येणे, यांत फार फरक आहे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. अशा वेळी ‘गाडी मी चालवत होते’ किंवा ‘ड्रायव्हर चालवत होता’ असे सांगण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. चालक बदलल्याचे उघड झाले की खोटी माहिती दिल्याचे नवे प्रकरण मागे लागते आणि विमा कंपनीशी असलेली आपली बाजूही कोसळते.

विमा कंपनीला आजच लेखी कळवा. पॉलिसीचा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमीचे नाव, चालकाचे नाव आणि लायसनचा तपशील त्यात हवा. केवळ कळवायला उशीर झाला, या कारणाने कंपनीला जखमीचा दावा झिडकारता येत नाही. कायद्याने तिला दिलेले बचाव मोजकेच आहेत आणि त्यांत हा नाही. आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मात्र मिळण्याची आशा फारशी नाही, कारण सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्याने, गाडी पाहण्याआधीच ती दुरुस्त झाली आहे. तरी गॅरेजचे बिल आणि फोटो असतील तर जोडा.

दीड लाखांच्या मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर स्वतः देऊ नका. त्या कुटुंबाला सांगा की, न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत ठेवली आहे, त्यांपैकी दोन गेले आहेत. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या किंवा त्यांच्या स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. तिथे लोकअदालतीत तडजोडही होते, पण ती विमा कंपनीच्या सहभागाने आणि नोंद होऊन. आपण दिलेले २५ हजार तिथे निदर्शनास आणता येतील.

प्रश्न : वरच्यासारख्याच एका अपघातात मी रस्त्यावरून जाणारा त्रयस्थ होतो. जखमीला रिक्षातून रुग्णालयात नेले, तर तिथे माझे नाव, पत्ता आणि अनामत रक्कम मागितली. पुढच्या वेळी मदत करावी की नाही, असा विचार मनात येतो. जखमीला हाताळताना काय जपावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मदत जरूर करावी. मदत करणाऱ्या त्रयस्थाला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ म्हणून ते आले. आपण सद्भावनेने केलेल्या मदतीत जखमीला काही झाले, तरी आपल्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही आणि जखमीला पोहोचवून आपण निघून जाऊ शकता. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. अनामत मागणाऱ्या रुग्णालयाला हे शांतपणे ऐकवावे.

हाताळण्याबाबत मात्र माझा आग्रह असा की, रुग्णवाहिका लवकर येण्यासारखी असेल तर मान किंवा पाठ दुखावलेल्या माणसाला रिक्षात कोंबू नये. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि पाणी पाजण्याचा मोह टाळावा, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. त्याआधी, येणाऱ्या वाहनांना दिसेल अशा अंतरावर मागे एखाद्या माणसाला बाजूला सुरक्षित उभे करून इशारा द्यायला लावावे. महामार्गावर दुसरी धडक पहिलीपेक्षा भयंकर ठरू शकते. १०८ लागला नाही तर ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या फाटकाला घासून माझ्या गाडीचा दरवाजा चेपला, कोणालाही इजा नाही. विम्याचा दावा करावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणी जखमी नसल्याने आणि दुसऱ्याचे वाहन गुंतलेले नसल्याने पोलिसांत जाण्याचे कारण दिसत नाही, फाटकाचे नुकसान झाले असेल तर सोसायटीला सांगून ते भरून द्यावे. दाव्याचा निर्णय नो क्लेम बोनस पाहून घ्यावा. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षे दावा नसल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ती शून्यावर येते, जर आपण बोनस सुरक्षित ठेवणारे जास्तीचे संरक्षण घेतलेले नसेल तर. म्हणून आधी गॅरेजमधून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यातून पॉलिसीतील सक्तीची वजावट (दाव्यातला आपणच सोसायचा ठरावीक भाग) आणि घसारा (भाग जुने झाल्याने कमी धरली जाणारी किंमत) वगळून हाती येणारी रक्कम काढा आणि ती पुढील वर्षी बुडणाऱ्या सवलतीशी ताडून पाहा. मात्र दावा करायचे ठरले, तर दरवाजा ठोकून सरळ करण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका.