दोघांसाठी खेळ घेताय? आधी हे पाहा

भाऊ, खोक्यावर '२ ते ४ खेळाडू' छापलंय म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका. असे कित्येक खेळ दोघांत मिळमिळीत होतात. कॅटान हा मालाच्या अदलाबदलीचा बोर्ड गेम तर मुळात तीन-चार जणांचाच. नवरा-बायकोत सौदा करायला तिसरा गडी कुठून आणणार?

सुरुवात 'जयपूर' या व्यापाराच्या पत्त्यांच्या खेळानं करा. दोघांसाठीच बनवलेला, अर्ध्या तासात आटोपतो. माल आधी विकला तर जास्त किमतीच्या चकत्या मिळतात. पण थांबून एकाच मालाचे तीन किंवा जास्त पत्ते एकदम विकले तर वर बोनस. कापूस आत्ता काढायचा की भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा, तोच घोर! त्यात हातात मालाचे सातच पत्ते ठेवता येतात, म्हणून साठेबाजी फार चालत नाही.

उन्हाळ्यात कूलरसमोर पत्ते उडतात. तेव्हा 'हाइव्ह' काढा. बोर्डच नाही, वजनदार षटकोनी सोंगट्या, समोरच्याची राणीमाशी चहूबाजूंनी घेरायची. फक्त बाजेवर मांडू नका, झोल पडतो अन् सोंगट्या घसरतात. ओसरीची फरशी बरी.

घरात कोणाला हरणं फारच झोंबत असेल तर 'पँडेमिक' पाहा. त्यात दोघं मिळून रोगाच्या साथीशी लढता, हरलात तर दोघंही. पत्त्यांवर इंग्रजी मजकूर असतो, तेवढं ध्यानात ठेवा.