माझीच चूक मला का दिसली नाही?

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे, हिशेब तपासनीस म्हणून काम करते. दोन वर्षांपूर्वी मला स्किझोफ्रेनिया झाला. शेजारच्या टेबलावरच्या की-बोर्डच्या टकटकीतून माझ्याबद्दल निरोप जातात, अशी तीन महिने माझी खात्री होती. तरी रोज कामावर जात होते. भाऊ समजवायला लागला, तर त्यालाच म्हणाले, ‘तूही त्यांना सामील आहेस.’ आता गोळ्या चालू आहेत, बरी आहे. ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. चुका शोधणं हे माझं काम. मग एवढी मोठी चूक कशी दिसली नाही? आणि पुन्हा झालं तर कळेल ना?

उत्तर : ज्या मेंदूनं नोंद चुकीची केली, तपासणीलाही तोच बसला होता. तुमच्या पेशात हे चालत नाही, म्हणून बाहेरचा तपासनीस लागतो. अर्धांगवायू झालेल्या काही रुग्णांना आपला हात लुळा पडलाय हेच उमगत नाही, असं बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्ये नोंदवलं होतं. तो हट्ट नव्हता की सोंग नव्हतं. तुमच्या आजारात हुबेहूब तेच घडतं असं नाही, इथलं भान कमीजास्त होत राहतं. पण ‘हट्टीपणा’ हा शब्द दोन्हीकडे चुकीचाच.

गंमत म्हणजे, स्किझोफ्रेनिया हे नाव देणाऱ्या ब्लॉयलर यांनीही तुमच्याच खात्यातली उपमा वापरली होती : दुहेरी हिशेबवही. एका वहीत निरोप जातायत, दुसऱ्या वहीत महिनाअखेरचं काम वेळेवर होतंय. तुम्ही तीन महिने दोन्ही वह्या चालवल्यात.

भान एका झटक्यात जात नाही, येतही नाही. नवखा असताना मी एका रुग्णाशी पाऊण तास वाद घातला की विजेच्या मीटरमध्ये कॅमेरा नाही. सगळे मुद्दे माझे बरोबर होते. जाताना तो म्हणाला, ‘डॉक्टर, तुम्हाला किती दिले त्यांनी?’ पुढच्या वेळी मीटरचा विषयच काढला नाही. झोप लागत नाही, हे त्याला मान्य होतं. तेवढ्यावर त्यानं औषध सुरू केलं. पुढे म्हणायचा, ‘कॅमेरा असेल, पण हल्ली त्याचा त्रास नाही.’ अर्धं भान म्हणा हवं तर. मला ते पुष्कळ वाटलं.

पुन्हा झालं तर कळेल का? तुम्हाला वेळेत कळेलच, याची हमी मी देणार नाही. म्हणून आत्ता, भान जागेवर असताना, भावाला घेऊन बसा. टकटकीचा अर्थ लागायला लागला त्याच्या आधीचे आठवडे आठवा. झोप उडाली होती? फोन घेणं बंद झालं होतं? जेवण खोलीत न्यायला लागला होतात? बारीकसारीक गोष्टी त्यालाच जास्त आठवतील. त्या स्वतःच्या अक्षरात लिहा आणि खाली लिहा : ‘यातल्या दोन दिसल्या, तर मी चिडले तरी माझ्या डॉक्टरांना फोन कर.’ एक प्रत त्याच्याकडे, एक डॉक्टरांकडे. मग त्याला वाद घालावा लागणार नाही, कागद पुढे केला की झालं. आणि ‘आता सगळं कळतंय, मग गोळ्या कशाला?’ हा विचार आला, तर यादीत तोही घाला.

‘मेल्याहून मेल्यासारखं’ हे तुमचे शब्द मात्र मी नुसते सोडून देणार नाही. भान परत येताना अनेकांना उदासी गाठते. ती उपचारांनी हटते, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगणं नको वाटलं, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला भावाला आणि डॉक्टरांना सांगा.

कागदावर सही आणि तारीख विसरू नका. तारखेविना आलेलं व्हाउचर तुम्ही तरी पास कराल का?