रक्तदाबाचा कोणता आकडा खरा मानावा?

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे आहे. दवाखान्यात माझा रक्तदाब १५२/८२ भरला. घरच्या यंत्रावर तो एकदा १३८ आला आणि पाचच मिनिटांनी १३०. खालचा आकडा ठीक असल्याने वरच्याकडे लक्ष देऊ नये, असे घरचे म्हणतात. यातले काय खरे?

उत्तर : तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण रक्तदाब दिवसभर खालीवर होतच असतो. हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांत जो दाब निर्माण होतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधला तो खालचा. १२०/८० पेक्षा कमी रक्तदाब प्रौढांमध्ये सर्वसाधारण समजतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या खाली येत नसेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० वर आणली. घरच्या मोजमापाच्या सरासरीसाठी बहुतेक ठिकाणी १३५/८५ ही मर्यादा धरतात.

घरच्यांचे म्हणणे मात्र मान्य करता येणार नाही. वयोमानाने धमन्या ताठर होत जातात, त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतोही. केवळ वरचा आकडा वाढलेला असला तरी पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतोच.

डॉक्टरांसमोर वाढणारा रक्तदाब घरी सर्वसाधारण भरतो, असे अनेकांचे होते. काहींच्या बाबतीत याच्या उलटही घडते. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून नोंद ठेवावी आणि पहिला दिवस सोडून उरलेल्या नोंदींची सरासरी काढावी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी व तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, हात लोंबकळत असेल किंवा मोजताना गप्पा चालू असतील, तर आकडा विनाकारण फुगतो (यंत्राला दोष देण्यापूर्वी एवढे तपासलेले बरे). ही वही घेऊन डॉक्टरांना भेटावे.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा मोजत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गोळ्या सुरू केल्यापासून रक्तदाब १२४/७८ असतो. आता त्या बंद करू का?

उत्तर : हा आकडा गोळ्यांमुळेच आलेला आहे, त्यामुळे परस्पर बंद करू नका. उभे राहताना चक्कर येत असेल किंवा वरचा आकडा वारंवार १०० च्या खाली जात असेल, तर मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.