कोन हातात घ्यायचाच नाही

अनेक आशीर्वाद.

जिवंत जिऑग्राफर कोन, म्हणजे ती समुद्रातली विषारी शंखाची गोगलगाय, कुठल्या टोकाला धरायचा, असं विचारलंस. कुणी रुंद टोक सांगतं, कुणी हातमोजे सांगतं, म्हणून तुझा गोंधळ. तो हातात धरायचाच नाही.

सोंड निमुळत्या बाजूने बाहेर येते हे खरं, पण ती लांबते, वळते आणि शंखाच्या मागच्या टोकापर्यंत पोचते. तिच्या तोंडाशी एक पोकळ, काटेरी दात धरलेला असतो. विषाचा फुगा आवळला की विष नळीतून त्या दातात येतं. पातळ हातमोजा किंवा वेटसूट त्याला अडवेल याचा भरवसा नाही. एक दात खर्ची पडला तरी पुढचे तयारच असतात.

‘पोट भरलंय, शांत आहे’ हे तर बोलूच नकोस. रात्री तो तोंड फनेलसारखं पसरतो, पाण्यात इन्सुलिन सोडतो. रक्तातली साखर उतरून मासे सुस्तावले की त्यांना आत घेतो आणि मग दात मारतो. हे झालं शिकारीचं. बचावाचं विष त्याच नळीच्या दुसऱ्या भागात बनतं आणि स्नायू लुळे करणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. तू त्याला उचललंस की तुझ्या वाट्याला हे दुसरं विष. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या हेमन बेटावर 1935 साली एका तरुणाने असा शंख तळहातात धरून वरचं साल सुरीने खरवडलं. त्यातच तो गेला.

मला भित्रा म्हणतात, म्हणोत. या विषांवर काम व्हावं असं मलाही वाटतं; याच्याच जातकुळीतल्या मॅगस कोनच्या विषावरून घडवलेलं झिकोनोटाइड हे औषध 2004 साली असह्य वेदनांसाठी मंजूर झालं. पण त्यासाठी शंख मुठीत धरावा लागत नाही. परवानगी असेल तर लांब चिमटा आणि फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची बरणी घे. जाळीची पिशवी नको, सोंड आरपार येते. खिसा तर नाहीच. ‘रिकामा’ वाटणारा शंखही आधी चिमट्यानेच उलटून बघ.

दंश झालाच तर दुखत नाही म्हणून गाफील राहू नकोस. कधी कधी फारसं दुखतच नाही. बधिरपणा, दोन दोन दिसणं, गिळता न येणं, मग श्वास अडणं. आधी पाण्याबाहेर आणून आडवं करा. रुंद इलॅस्टिक बँडेज बोटांपासून वर पूर्ण अवयवाला, मुरगळल्यावर बांधतात तितकं घट्ट. फळी लावा, वेळ लिहा. चिरायचं नाही, चोखायचं नाही. उतारा उपलब्ध नाही. श्वास थांबला तर विषाचा जोर ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणं हाच उपचार.

चिमटा आणि बरणी सामानात पडली की कळव, मग बाकीच्या प्रश्नांचं बघू.