जन्मापासून मुंबईत राहतो. आपलंच शहर नवख्या प्रवाशासारखं कसं बघायचं?

आधी एक सांगतो, स्थळांची यादी करू नका. गेटवे, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग... गावाहून पाहुणे आले की ती आपोआप होतेच. त्यापेक्षा एकच विषय धरा आणि त्याच्या मागं फिरा. मी पाणी धरलं. घरोघरी नळ नव्हते तेव्हा ही मुंबई पाणी कुठलं पीत होती?

सुरुवात फोर्टातून, रविवारी सकाळी. एरवी आपण तिथून लोकल पकडायच्या नादात जातो, त्यामुळं जीपीओजवळची, म्हणजे मोठ्या पोस्टाजवळची, कोठारी प्याऊ दिसतच नाही. प्याऊ म्हणजे पाणपोईच, पण पैसेवाल्यांनी घरच्या माणसाच्या स्मरणार्थ बांधलेली, कोरीव दगडाची. जनावरांना पिता यावं म्हणून खाली दगडी कुंड्या असायच्या, कारण रस्त्यावर बैलगाड्या आणि टांगे होते. मशीद बंदरच्या बाजूला केशवजी नाईकांची १८७६ सालची प्याऊ आहे, वर चक्क घड्याळ. हातगाडीवाल्यांना वाट देत देत बघावी लागते.

चर्चगेटजवळ भिका बेहरामची विहीर, १७२५ सालची. आत फक्त पारशांना प्रवेश, आपण बाहेरूनच बघायची. समुद्र इतका जवळ आणि पाणी गोड! वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्याचंही तेच.

१८६० मध्ये विहार तलाव झाला, नळाचं पाणी शहरात आलं. पुढे मलेरियाच्या भीतीनं कितीतरी विहिरी बंद झाल्या, तळी बुजली. धोबी तलावाला तलाव शोधू नका, मेट्रो सिनेमासमोर सिग्नल तेवढा मिळेल.

पण वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर सगळं सोडा आणि कान्हेरीला जा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बौद्ध भिक्खूंची शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक मंडळी तीन नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, फोटो काढून परततात. तुम्ही वर चढा. लेण्यालेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसेल, त्याला पोढी म्हणतात. उतारावरचं पावसाचं पाणी टाक्यात यावं म्हणून कातळातच पन्हळी कोरल्यात. त्यातून बोट फिरवून बघा, उतार हाताला कळतो. भिंतीवरच्या ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपाऱ्याच्या दात्यांची नोंद आहे, कुणी लेणं दिलं, कुणी पोढी. म्हणजे फोर्टातल्या शेटजींच्या कितीतरी शतकं आधी इथं तोच व्यवहार चालू होता. हे मला कुठल्याच शाळेच्या सहलीत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला फक्त रांग मोडू नका एवढंच सांगायचे.

कान्हेरीला पावसाळ्यात गेलात तर पन्हळी वाहताना दिसतील. पायात पकड असलेले बूट हवेत, कातळ फार निसरडा होतो. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.