फायब्रोमायल्जिया, वजन आणि शरीराची ताकद

प्रश्न : माझे वय ४६, उंची १५४ सेंटीमीटर आणि वजन ७२ किलो आहे. दोन वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचे (अंगभर दीर्घकाळ दुखत राहणाऱ्या आजाराचे) निदान झाले. त्यावरचे प्रीगाबालिन हे औषध सुरू केल्यापासून वजन आणखी वाढले. जिना चढणे, चादर पिळणे, मांडी घालून बसल्यावर उठणे जड जाते. डॉक्टर वजन उतरवायला सांगतात. पण जास्त चालले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. वजनामुळे दुखते की दुखण्यामुळे वजन वाढते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही घडते. नॉर्वेमध्ये सुमारे १६ हजार स्त्रियांची ११ वर्षांनी पुन्हा माहिती घेतली, तेव्हा जास्त वजन असलेल्यांमध्ये हा आजार नव्याने होण्याचे प्रमाण अधिक आढळले. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, वेदनेमुळे हालचाल कमी होते, स्नायूंची ताकद घटते, अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि काही औषधेही वजन वाढवतात. आपला बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) सुमारे ३० आहे आणि भारतीयांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. मात्र सडपातळ स्त्रियांनाही हा आजार होतो. तो आपण ओढवून घेतला, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नये.

माझ्या मते सुरुवात वजनकाट्यापासून न करता ताकदीपासून करावी. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजून लिहून ठेवावे आणि महिन्याने पुन्हा पाहावे. वजन तसूभर न हलताही हा आकडा वाढू शकतो, आणि जिना चढताना उपयोगी पडते ती हीच ताकद. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या शिफारशींत या आजारासाठी ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची.

आपली अडचण चालण्यात नसून एकदम जास्त चालण्यात आहे. बरे वाटले त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची आणि मग आडवे पडायचे, हे चक्र या आजारात फार दिसते. म्हणून बरे वाटो वा न वाटो, पाच-सात मिनिटेच सावकाश चालावे. दुसऱ्या दिवशी त्रास बळावला नाही, तरच आठवड्याने एक-दोन मिनिटे वाढवावीत. पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली स्नायूंचे हलके व्यायाम जोडावेत. चालताना छातीत दुखले किंवा धाप लागली, तर थांबून आधी तपासणी करावी.

उपवास करून वजन उतरवू नये, कारण त्यात स्नायूही झिजतात. डाळी, उसळी, दही, चालत असल्यास अंडी जेवणात ठेवून तेल, साखर आणि फरसाण कमी करावे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी अलीकडे झाली नसेल, तर ती करून घ्यावी. प्रीगाबालिन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये; वाढलेल्या वजनाची नोंद डॉक्टरांना दाखवून मात्रा कमी करता येईल का, की दुसरे औषध चालेल, हे त्यांनाच विचारावे.